होदिगेरेची वाट
शहाजीराजांचे जीवन आणि त्यांचे अखेरचे स्थान

बंगळुरात मराठी माणूस केव्हापासून राहू लागला, असा प्रश्न महाराष्ट्रातून येणारा पाहुणा आम्हांस हमखास विचारतो. कोणी आपल्या आजोबांच्या बदलीचे वर्ष सांगतो, कोणी येथील सरकारी कारखान्यांच्या उभारणीचा काळ सांगतो, तर संगणकाच्या व्यवसायात असलेली तरुण मंडळी दोन-तीन दशकांपलीकडे जात नाहीत. ही सर्व उत्तरे आपापल्या घरापुरती खरी आहेत. परंतु या नगरीच्या इतिहासालाच हा प्रश्न विचारला, तर तो इ. स. १६३८ हे साल पुढे करतो आणि त्या सालाशेजारी एक नाव लिहितो : शहाजीराजे भोसले.

हे नाव कोणत्याही मराठी घरास अपरिचित नाही. तथापि ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी नावामागे उभे असते. शिवछत्रपतींचे पिते आणि जिजाऊसाहेबांचे पती एवढीच त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकातून आम्हांस होते, आणि मग एके दिवशी होदेगिरीच्या अरण्यात शिकार करताना घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाल्याचे एक वाक्य येते. त्या वाक्यानंतर पुस्तकाचे पान उलटले जाते. हे अरण्य कोणते, ते कोठे आहे, तेथे आज काय आहे, याची चौकशी करण्याची गरज क्वचितच कोणास वाटते. ज्या मुलखात राजांनी आयुष्यातील अखेरची पंचवीस-सव्वीस वर्षे घालविली, त्याच मुलखात आमची घरे आहेत. म्हणून मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने राजांचे चरित्र त्या अरण्यापर्यंत नेऊन पोहोचवावे आणि ती जागा शोधावी, असे आम्ही योजिले.

वेरूळ ते भातवडी

वेरूळच्या भोसले घराण्यात मालोजीराजे हे निजामशाहीतील एक उमदे सरदार होते. घृष्णेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार आणि शिखर शिंगणापूरच्या डोंगरावरील तळे ही त्यांची कामे आजही दाखविली जातात. फलटणच्या निंबाळकरांची कन्या उमाबाई ही त्यांची पत्नी. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या कृपेने पुत्रलाभ झाला, या श्रद्धेने त्यांनी आपल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेविली. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जन्मलेला हा थोरला मुलगा लहान असतानाच मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत कामास आले आणि चुलते विठोजीराजे यांनी दोन्ही पुतण्यांचा सांभाळ केला. पुढे सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची कन्या जिजाबाई भोसल्यांच्या घरी सून म्हणून आली.

शहाजीराजांचे नाव दक्षिणेत प्रथम गाजले ते १६२४ साली भातवडीच्या रणांगणावर. अहमदनगरजवळच्या या गावी मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा निजामशाहीवर एकदम चालून आल्या होत्या. वजीर मलिक अंबर याने तेथील तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला आणि मराठी पथकांनी त्या अडकलेल्या सैन्यावर छापे घातले. या युद्धात शरीफजी धारातीर्थी पडले. विजय मोठा झाला, पण त्या विजयाच्या वाट्यावरून आणि मानावरून राजांचे मलिक अंबराशी बिनसले. त्यांनी काही काळ आदिलशाहीची चाकरी पत्करली आणि पुन्हा ते निजामशाहीत परतले.

या येण्याजाण्यावरून पुढील काळात त्यांच्यावर चंचलपणाचा आरोप झाला. परंतु तो काळ डोळ्यांपुढे आणिला म्हणजे या आरोपातील दम निघून जातो. जुलै १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवराव आपल्या मुलांसह मारले गेले. ज्या धन्याची पिढ्यान् पिढ्या सेवा करावी, तोच भर दरबारात आपल्या माणसांचे प्राण घेतो, हे पाहिल्यानंतर कोणत्या सिंहासनावर विश्वास ठेवावा? त्यानंतर काही महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. आजोळ रक्तात न्हालेले, पुण्याची जहागीर विजापुरी फौजेने बेचिराख केलेली आणि दख्खनवर भीषण दुष्काळाचे सावट पडलेले, अशा काळात हे मूल वाढू लागले. राजांनी मधल्या काळात मोगलांची मनसबही घेतली आणि १६३२ च्या सुमारास ती सोडली.

पेमगिरीचा बालशहा

१६३३ साली मोगलांनी दौलताबाद जिंकून निजामशहास कैद केले. एका राज्याचा शेवट झाला असे सर्वांस वाटले. शहाजीराजांस मात्र तसे वाटले नाही. त्यांनी निजामशाही वंशातील एक बालक शोधून काढले, संगमनेरजवळच्या पेमगिरी किल्ल्यावर त्यास सिंहासनावर बसविले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे राज्य चालविले. गड, ठाणी, फौज, वसुली यांचा सर्व कारभार त्यांच्या हाती होता. राज्याचा शिक्का दुसऱ्याचा असला, तरी ते चालविण्याचे कसब स्वतःचे होते. मराठी सरदाराने सबंध राज्याचा भार खांद्यावर घेऊन तो पेलून दाखविल्याचे हे त्या शतकातील पहिले ठळक उदाहरण होय.

हा उद्योग मोडून काढण्यास खुद्द शाहजहान बादशहास १६३६ साली दक्षिणेत उतरावे लागले. त्याने विजापूरशी तह केला आणि दोन्ही सत्तांच्या फौजांनी राजांचा पाठलाग सुरू केला. अखेर उत्तर कोकणातील माहुली किल्ल्यावर त्यांना वेढा पडला आणि वर्षाच्या अखेरीस त्यांना शस्त्र खाली ठेवावे लागले. बालशहास मोगलांच्या स्वाधीन करावे लागले आणि त्याची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. राजांची पुणे-सुप्याची जहागीर कायम राहिली, पण त्यांना स्वतःला आदिलशाहीची चाकरी पत्करून मोगलांच्या सरहद्दीपासून दूर, कर्नाटकात जावे लागले. मुलूख स्वतःचा, पण तेथे राहण्याची मोकळीक नाही, अशी ही अवस्था होती. नोकरीच्या हुकुमाने घर सोडून दूरदेशी येणाऱ्या माणसाची व्यथा आमच्या मंडळातील अनेक वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. राजांची गोष्ट त्याहून पुष्कळ कठीण होती, परंतु जातीने तीच होती.

बंगळूरची जहागीर

विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान याच्यासह राजे दक्षिणेत उतरले. इक्केरीच्या नायकावरील स्वारीनंतर ही फौज १६३८ साली बंगळुरावर आली. १५३७ साली केंपेगौडाने वसविलेली ही पेठ त्या वेळी मातीच्या तटाने आणि खंदकाने वेढलेली होती. केंपेगौडाच्या वंशजास मागडीकडे जावे लागले आणि बंगळूरचा कारभार शहाजीराजांकडे सोपविण्यात आला. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे ही ठाणीही पुढे त्यांच्या जहागिरीत आली. चिक्कपेटेच्या परिसरात त्यांचा वाडा होता आणि त्यास गौरी महाल म्हणत, अशी परंपरा आहे. आज त्या वाड्याचा दगडही दिसत नाही.

लालबागेतील खडकावर केंपेगौडाच्या नावाने ओळखला जाणारा जो लहानसा बुरूज आहे, तो जुन्या बंगळूरची दक्षिण मर्यादा दाखवितो असे मानतात. आमचे जे. पी. नगर त्या बुरुजाच्याही दक्षिणेस काही कोस पडते. राजांच्या काळी येथे रस्ते आणि वसाहती नव्हत्या. शेते, माळ, मधूनमधून खेडी आणि प्रत्येक खेड्याजवळ पावसाचे पाणी साठविणारे एक तळे, असा हा मुलूख होता. सारक्की आणि पुट्टेनहळ्ळी ही गावांची नावे आणि त्यांची तळी आजही आमच्या शेजारी आहेत. या तळ्यांचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही, हे वाचकांस पुढे कळून येईल.

बंगळुरात राजांनी जो संसार मांडला, तो केवळ लष्करी ठाण्याचा नव्हता. जिंकलेल्या नायकांस समूळ उखडून टाकण्यापेक्षा खंडणी ठरवून त्यांस त्यांच्या जागी राहू द्यावे, असे त्यांचे धोरण होते. महाराष्ट्रातून आलेल्या कारकुनांनी महसुलाची दप्तरे लाविली आणि मोडी लिपीतील मराठी हिशेब या मुलखात रूढ झाले. त्यांच्या दरबारात पंडित आणि कवी यांची दाटी असे. जयराम पिंड्ये नावाचा कवी त्यांच्या भेटीस आला, तेव्हा त्याने राजांपुढे बारा नारळ ठेविले. आपणांस बारा भाषांत कविता करता येते, हे सांगण्याची त्याची ती रीत होती. त्याने रचिलेले राधामाधवविलासचंपू हे काव्य इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी दीर्घ प्रस्तावनेसह १९२२ साली प्रसिद्ध केले, तेव्हा हा बहुभाषी दरबार महाराष्ट्रास प्रथम नीट दिसला. संस्कृत, मराठी, हिंदुस्थानी, कन्नड, तेलुगू यांना एकाच सभेत मान मिळत होता. आज आमच्या मुलांच्या तोंडी एकाच दिवसात चार भाषा येतात आणि त्याचे आम्हांस कौतुक वाटते. पण ही रीत येथे साडेतीनशे वर्षांपेक्षा जुनी आहे.

जिजाऊसाहेब आणि बाल शिवाजीराजे १६४० नंतर काही काळ बंगळुरास येऊन राहिले. थोरले पुत्र संभाजीराजे येथेच वडिलांजवळ होते. तुकाबाईसाहेबांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी हेही येथेच वाढले. सबंध कुटुंब एका छपराखाली आल्याचे जे थोडे दिवस त्या घराच्या वाट्यास आले, ते या नगरीत आले. १६४२ च्या सुमारास राजांनी जिजाऊंस आणि शिवबांस पुण्यास परत पाठविले आणि त्यांच्याबरोबर शामराव नीळकंठ, बाळकृष्णपंत हणमंते, सोनोपंत डबीर, रघुनाथ बल्लाळ अशी कसलेली माणसे दिली. पुण्याच्या जहागिरीत पुढे जे घडले, त्याची मांडणी करणारे पहिले हात बंगळुराहून गेले होते. वडिलांनी मुलास धन किती दिले, याचा हिशेब लहान आहे. त्यांनी राज्य चालविणारी माणसे दिली, आणि ती देणगी पिढ्यांना पुरली.

बेड्या आणि पुत्रशोक

यानंतर कुटुंबाची ताटातूट झाली ती कायमची. पुण्याकडे शिवाजीराजांच्या हालचाली वाढल्या आणि विजापूरचा संशय वडिलांवर आला. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीजवळच्या छावणीत मुस्तफाखानाने शहाजीराजांस कैद केले. पहाटे झोपेत असताना त्यांच्या तळावर चालून जाणाऱ्यांत बाजी घोरपडे हा त्यांचाच भाऊबंद होता. अफझलखानाच्या पहाऱ्यात त्यांना विजापुरास नेण्यात आले. इकडे पुण्यात शिवाजीराजांनी आणि बंगळुरात संभाजीराजांनी विजापुरी फौजांस तोंड दिले. शिवाजीराजांनी मोगल शहजादा मुरादबक्ष याच्याशी पत्रव्यवहार करून विजापुरास धाक घातला. अखेर कोंडाणा आणि बंगळूर परत देण्याच्या अटीवर १६ मे १६४९ रोजी राजांची सुटका झाली. बंगळूर पुढे पुन्हा भोसल्यांकडेच आले.

सुटका झाली तरी जखम राहिली. पुढील काही वर्षांतच, १६५५ च्या आगेमागे, कनकगिरीच्या वेढ्यात संभाजीराजे मारले गेले. जो मुलगा सावलीसारखा शेजारी राहिला होता, तोच गेला, आणि जो दूर होता, त्याच्या भेटीस जाण्यावर राजकारणाचे पहारे बसले होते. तरीही राजांनी आपला ताठा सोडला नाही. १६५७ च्या सुमारास विजापूरच्या दरबारास लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी स्पष्ट कळविले की आपण आजवर अनेक पातशाह्यांची सेवा केली ती इभ्रतीने केली, आणि अपमान सोसून चाकरी करणे आपणांस जमणार नाही. साठीच्या आसपास पोहोचलेला, बेड्या भोगलेला आणि पुत्र गमावलेला हा माणूस धन्यास अशा भाषेत लिहीत होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सोन्याच्या अक्षरांनी लिहावी अशी आहे.

अखेरची शिकार

१६६३ च्या अखेरीस विजापूरची फौज बेदनूरच्या बाजूस पाळेगारांच्या बंदोबस्तात गुंतली होती आणि राजे त्या मोहिमेवर होते. वय सत्तरीच्या घरात होते. तुंगभद्रेच्या दक्षिणेकडील बसवापट्टणच्या परिसरात त्यांचा तळ पडला. माघ शुद्ध पंचमी, शके १५८५, म्हणजे २३ जानेवारी १६६४ हा वसंतपंचमीचा दिवस होता. राजे शिकारीस निघाले. सावजामागे घोडा भरधाव सोडला असता त्याचा पाय अडकून तो कोसळला आणि राजांस प्राणांतिक मार लागला. सोबतचे लोक धावत येईपर्यंत सारे संपले होते.

त्याच महिन्यात शिवाजीराजे सुरतेहून परतत होते. यशाची वार्ता घेऊन निघालेल्या मुलास वाटेत वडिलांच्या मृत्यूची वार्ता भेटली. राजगडावर जिजाऊसाहेबांनी सती जाण्याचा निश्चय केला आणि पुत्राने अत्यंत आर्जवाने त्यांस परावृत्त केले, असे बखरी सांगतात. व्यंकोजीराजांनी उत्तरक्रिया करून वडिलांच्या समाधीची व्यवस्था केली. पुण्याहून ही जागा शेकडो कोस दूर होती. पत्नीस आणि पुत्रास अखेरचे दर्शनही घडले नाही.

गिरी नव्हे, केरे

आता त्या जागेच्या शोधाकडे वळू. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात राजांच्या मृत्यूच्या संदर्भात बसवापट्टणचे नाव येते. मराठी पुस्तकांत होदेगिरीचे अरण्य हा शब्दप्रयोग रूढ झाला. वाचणाऱ्याच्या मनात त्यामुळे एक चित्र उभे राहते. कोठे तरी एक उंच डोंगर, त्यावर निबिड जंगल, त्या जंगलाच्या पोटात वेलींनी झाकलेली एक विसरलेली समाधी, आणि तिचा ठावठिकाणा कोणास न ठाऊक. असे चित्र मनात धरून नकाशात डोंगर शोधू लागणाऱ्यास ही जागा सापडणे कठीण आहे.

उकल त्या नावातच आहे आणि ती करावयास कन्नड भाषेची थोडी ओळख पुरते. कन्नडमध्ये तळ्यास केरे म्हणतात. दोन शब्द जोडताना आरंभीच्या क चा बहुधा ग होतो, म्हणून गावाच्या नावाच्या शेवटी तो शब्द गेरे असा ऐकू येतो. गावाचे खरे नाव होदिगेरे. सारक्की केरे आणि पुट्टेनहळ्ळी केरे यांच्या काठी संध्याकाळी फिरावयास जाणाऱ्या आमच्या मंडळींस हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मराठी कानाने त्या गेरेचे गिरी केले, तळ्याच्या काठचे गाव डोंगर झाले आणि वस्ती असलेला मुलूख अरण्यात लुप्त झाला. राजांची समाधी शोधणाऱ्याने डोंगराकडे पाहण्याचे सोडून गावाची चौकशी करावी, एवढेच त्यातील रहस्य आहे.

होदिगेरे हे गाव चन्नगिरी तालुक्यात आहे. हा तालुका पूर्वी शिमोगा जिल्ह्यात होता आणि १९९७ साली दावणगेरे जिल्हा झाल्यापासून त्यात मोडतो. बंगळुराहून तुमकूर, शिरे, हिरियूर, चित्रदुर्ग या मार्गाने आणि पुढे होळलकेरेवरून चन्नगिरी असा प्रवास आम्ही केला. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर भरते. आज मोटारीने सकाळी निघालेला माणूस दुपारी तेथे पोहोचतो. या वाटेवरील शिरे हे एके काळी राजांच्या जहागिरीचे ठाणे होते आणि चित्रदुर्गचे खडक मागे पडताच भूमीचा रंग बदलू लागतो. चन्नगिरी तालुक्यात शिरल्यावर सुळेकेरे ऊर्फ शांतिसागर हे अफाट तळे आहे. त्याच्या पाण्याने भिजलेल्या भागात पोफळीच्या बागा रांगांनी उभ्या आहेत. राजांच्या वेळचे रान आता बहुतेक तोडले गेले आहे. जेथे सावजे पळत होती, तेथे सुपारी आणि मका पिकतो.

गावात पोहोचल्यावर आम्ही कन्नडमध्ये समाधीची चौकशी केली. पहिल्याच माणसाने क्षणाचाही विलंब न लावता वाट दाखविली. आवारात उघड्यावर एक साधे, बुटके दगडी बांधकाम आहे. मोठा घुमट नाही, दिपवून टाकणारे नक्षीकाम नाही. पुरातत्त्व खात्याने तिला संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केले आहे. ज्यांनी एक बुडते राज्य तीन वर्षे तोलून धरले आणि ज्यांच्या पुत्राने स्वतंत्र राज्य स्थापिले, त्या पुरुषाची ही विश्रांतीची जागा आहे. आम्ही सर्वांनी पादत्राणे काढून तेथे फुले वाहिली. लहान मुलेही काही वेळ गप्प उभी राहिली.

परतताना आमच्या मनात एकच विचार घोळत होता. शिवछत्रपतींची रायगडावरील समाधीही एके काळी झाडाझुडपांत गडप झाली होती आणि महात्मा जोतीराव फुले यांनी तेथे जाऊन ती जागा शोधून मोकळी केली. तेथे खरोखर रान माजले होते. होदिगेरेस मात्र कोणतेही रान तोडावे लागले नाही. तेथील कन्नड शेतकऱ्यांना ही समाधी कोणाची हे ठाऊक होते आणि आहे. ज्या भाषेच्या मुलखात राजांनी देह ठेविला, त्या भाषेच्या लोकांनी तिची आठवण बुजू दिली नाही. जी जागा पुणे-साताऱ्याकडून पाहणाऱ्यास अरण्यात हरवलेली दिसते, ती होदिगेरेच्या माणसास आपल्या गावातील एक पुण्यस्थान वाटते. तिच्यापर्यंत पोहोचण्यास तलवार नको, वाटाड्या नको. शेजाऱ्याची भाषा येत असली म्हणजे पुरे.

जे उरले ते

राजांच्या मागे बंगळूर व्यंकोजीराजांकडे राहिले. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवालयातील १६६९ च्या कन्नड शिलालेखात देवास गाव दान देणारे म्हणून त्यांचे नाव कोरलेले आहे. काडु म्हणजे अरण्य. अरण्यातील त्या देवालयाभोवती आज भरवस्ती आहे, आणि मराठी राजाचे दान कन्नड अक्षरांत अद्याप वाचता येते. पुढे व्यंकोजीराजांनी तंजावरास आपले राज्य स्थापिले आणि १६८७ साली बंगळूर भोसल्यांच्या हातून गेले. त्यांच्या वंशजांनी तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेविला, तो आजही तेथे आहे. राज्ये गेली, परंतु त्यांच्याबरोबर आलेली मराठी कुटुंबे येथेच राहिली, येथल्या मातीत मिसळली आणि आपल्या घरातील मराठी त्यांनी पिढ्यान् पिढ्या जपली.

आमच्या मंडळाची पन्नास वर्षे या दीर्घ कालपटावर एक लहानसा ठिपका आहेत. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, मुलांचे मराठी वर्ग, संक्रांतीचे हळदीकुंकू यांत ही वर्षे भराभर निघून गेली. या काळात आम्हांस अनेकदा वाटत आले की आपण परमुलखातील पाहुणे आहोत आणि आपले खरे घर सह्याद्रीच्या पलीकडे आहे. शहाजीराजांचे चरित्र या भावनेस निराळे वळण देते. त्यांचीही ओढ पुण्याकडे होती आणि त्यांचाही जीव दूरच्या मुलात गुंतला होता. तरी जेथे राहावे लागले, तेथे त्यांनी मनापासून संसार केला, तेथील भाषांस दरबारात स्थान दिले आणि देह ठेविला तोही याच भूमीत. त्यांची समाधी परक्या अरण्यात आहे असे म्हणणे त्यांच्या आयुष्यातील पंचवीस वर्षांवर अन्याय करणारे ठरेल.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून दर वसंतपंचमीस, किंवा तिच्या जवळच्या रविवारी, मंडळाच्या काही कुटुंबांनी होदिगेरेस जाऊन यावे, असा आमचा मानस आहे. सोबत मुलांस न्यावे, वाटेत त्यांस शिरे आणि चित्रदुर्ग दाखवावे, आणि गावात पोहोचल्यावर वाट विचारण्याचे काम मुलांकडेच द्यावे. ती ते कन्नडमध्ये आमच्याहून चांगले करतील. समाधीपुढे एक पणती लावावी आणि गावकऱ्यांस आभाराचे दोन शब्द त्यांच्या भाषेत सांगावेत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपली नावे मंडळाच्या कार्यालयात द्यावीत, ही नम्र विनंती.